'धरला' ऐकल्याशिवाय

हातपंप दुरुस्त करणाऱ्या बाईवर कुणी लिहीत नाही. हातपंपावरच कुणी लिहीत नाही, तर बाईचं काय घेऊन बसलात! पण मी लिहिणार आहे, आणि त्यात माझी जी नाचक्की व्हायची ती होऊ द्या. बत्तीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या एका ऑफिसात कारकुनी केली. कुठल्या ऑफिसात ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. यवतमाळात आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या लेखणीवर जगल्या, त्यामुळे आपल्यासारखा मसुदा जिल्ह्यात कुणाला जमत नाही अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत एका म्हाताऱ्या माणसाला भोवली. गोष्ट जमनी आडेची आहे, पण तिच्यात मीही आहे.

जमनी घाटंजीकडच्या एका तांड्यावरची. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि रविवारी चर्चमध्ये शुद्ध मराठी, अशा तिन्ही ठिकाणी तिचा आवाज सारखाच मोठा. आईला ती याडी म्हणते. ही याडी एकदा फार आजारी पडली, मिशनच्या दवाखान्यात दीड महिना होती, आणि तिथल्या एका नर्सने तिचं सगळं केलं. तेव्हापासून ते घर येशूचं झालं. तांड्यावर अशी दहाबारा घरं आहेत. त्यांनी टिनाच्या छपराचं एक चर्च बांधलंय. आत सतरंजी, एक ढोलकी, भिंतीवर लाकडी क्रूस, आणि बाहेर इतक्या चपला की आत माणसं किती ते न बघता कळावं.

मी तिला पहिल्यांदा बघितलं ते दहा-अकरा वर्षांपूर्वी. तांड्यावरचा पंप दोन महिने बंद, म्हणून ती तक्रार घेऊन ऑफिसात आली होती. मी नेहमीचं उत्तर दिलं, की मेकॅनिक रजेवर आहे.

"मंग पाना द्या," ती म्हणाली. "मीच करतो."

आम्ही सगळे खो खो हसलो. कोपऱ्यात नानाजी टेकाम बसला होता, तो तेवढा हसला नाही. हा पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, रोजंदारी मेकॅनिक. हातपंपाच्या दांड्याचा आवाज ऐकून खाली काय झिजलंय ते सांगायचा. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि उठत म्हणाला, "चाल पोरी."

त्याने तिला सगळं शिकवलं. ती पुढे चार बायकांची टोळी करून तालुकाभर फिरू लागली, तेव्हा हाच नानाजी तिच्या हाताखाली काम करायला लागला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. पंपाला हात लावण्याआधी जमनी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करायची, "प्रभू, पाणी तुझं हाये. आमचा फक्त पाना." नानाजी ख्रिस्ती नव्हता, पण तोही टोपी काढून उभा राहायचा.

पुढे तिचं नाव झालं. वर्तमानपत्रात फोटो आले, कुणी मोबाइलवर चित्रण टाकलं ते लाखभर लोकांनी पाहिलं. पंपाला पाणी आलं की गावच्या बायका कुंकवाचं ताट घेऊन यायच्या. सुरुवातीला जमनी मागे सरकायची, "मले नको, देवाचे आभार माना" म्हणायची. मग हळूहळू सरकणं कमी झालं. खुर्ची आली, शाल आली. आमच्या ऑफिसात ती आली की मीच चहा मागवायचो, आणि एकदा चहा उशिरा आला तेव्हा तिने दोनदा घड्याळाकडे पाहिलेलं मला आठवतं. मी हे कुत्सितपणे सांगत नाही. एवढं कौतुक माझ्या वाट्याला आलं असतं तर मी फेटाच बांधून फिरलो असतो.

आता कामाची एक रीत सांगतो, ती समजली नाही तर पुढचं समजायचं नाही. हातपंपाच्या खाली बोअरमध्ये एकाला एक जोडलेले लोखंडी पाइप असतात, आठ, दहा, कधी पंधरा. दुरुस्तीसाठी ते दोराने वर ओढायचे. एक पाइप वर आला, की बोअरच्या तोंडाशी बसलेल्या माणसाने क्लॅम्पने खालचा पाइप आवळायचा, म्हणजे वरचा सोडवता येतो. क्लॅम्पवरचा माणूस आवळून झाल्यावर मोठ्याने म्हणतो, "धरला!" ते ऐकल्यावरच टोळीचा मुख्य म्हणतो, "सोडा!" मग दोरवाले दोर ढिला करतात. 'धरला' ऐकल्याशिवाय 'सोडा' म्हणायचं नाही, हा नियम. नाही तर सगळे पाइप सर्रकन खाली जातात, आणि बोअर बहुतेक कायमचा संपतो.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका गावात तसंच झालं. गावाला तो एकच पंप होता. क्लॅम्पवर नानाजी, दोरावर दोघी, आणि 'सोडा' म्हणायला जमनी. गर्दी जमलेली. दहा पाइप खाली गेले ते गेलेच. त्या गावच्या बायका त्या दिवसापासून दीड कोसावरून पाणी आणायला लागल्या.

नानाजी बोअरच्या तोंडाशी बसून राहिला आणि म्हणाला, "माह्या हातून सुटला."

अहवाल लिहायचं माझ्याकडे आलं. मी जाग्यावर गेलो नाही, कशाला जाऊ? सगळ्यांचे जबाब होते. जमनीच्या जबाबात दोनच शब्द होते, 'क्लॅम्प सुटला'. एवढ्याशावर मला काही समाधान मिळेना. मी लिहिलं, "सदर इसमाच्या हातांची पकड वयोमानपरत्वे शिथिल झाली असल्याने त्याजकडून जोखमीचे काम घेणे इष्ट नाही." 'वयोमानपरत्वे शिथिल' यावर मी फार खूश होतो. घरी सुचित्राला वाचून दाखवलं. बायकोच ती, ती म्हणाली, "त्या माणसाचे हात तुम्ही पाहिलेत का?" मी म्हटलं, अहवालाला हात बघावे लागत नाहीत. आठ दिवसांत नानाजीचं नाव रोजंदारीतून कमी झालं.

अकरा महिने गेले. मार्चमध्ये जल दिनाचा कार्यक्रम ठरला, त्यात जिल्ह्यातल्या निवडक लोकांचा सत्कार, आणि यादीत पहिलं नाव जमनीचं. नियुक्तीचंही चाललं होतं, तालुक्यातल्या सगळ्या टोळ्यांना शिकवायला तिला नेमायचं. पत्रिका छापून आल्या. मीच शुद्धलेखन तपासलं होतं.

कार्यक्रमाच्या आधीच्या सोमवारी मी ऑफिसचं कुलूप उघडून बसतो न बसतो, तोच जमनी दारात. चहा नको म्हणाली. बसली पण नाही.

"बाबूजी, नानाजीच्या हातून नाही सुटला. त्यानं 'धरला' म्हटलंच नव्हतं. मीच 'सोडा' म्हटलं."

मला आधी कळेच ना. मग तिने सगळं सांगितलं. त्या गावचे एक मास्तर मोबाइलवर चित्रण घेत होते. (ते चित्रण मी कधी मागवलंच नव्हतं.) पाइप वर आला, नानाजी क्लॅम्प आवळत होता, आणि मास्तर म्हणाले, "जमनीताई, इकडे पाहा." तिने तिकडे पाहिलं. पदर सारखा केला. आणि हात उंच करून, मास्तरांच्या मोबाइलकडे बघत, झोकात म्हणाली, "सोडा!" दोरवाल्या बायकांनी गर्दीच्या गलक्यात हुकूम तेवढा ऐकला आणि दोर सोडला. नानाजीच्या क्लॅम्पचा दांडा अजून अर्ध्यातच आवळलेला होता.

"मग तो काहून म्हणाला, माझ्या हातून सुटला?" घाबरलो की मीही वऱ्हाडीवर येतो.

"त्याले तसंच वाटलं. सत्तरीचा माणूस हाये, हातातून निसटलं त हाताचीच चूक समजला. त्याले वाटते आपण 'धरला' म्हटलं असन. मले मालूम हाये, त्यानं नाही म्हटलं. मी ऐकलंच नाही, कारण मी ऐकून नाही राह्यली होती."

"अगं, मग तेव्हाच का नाही..."

"तेव्हा मी गप्प राह्यली. 'क्लॅम्प सुटला' म्हटलं. झूठ बी नाही अन खरं बी नाही. अन त्याच्यावर काय केलं, ते आइका."

त्यांच्या चर्चमध्ये रविवारी साक्ष देतात. म्हणजे आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं, ते उठून सगळ्यांपुढे सांगायचं. अपघातानंतरच्या रविवारी जमनी उठली आणि तिने साक्ष दिली, की प्रभूने माझ्यावर बालंट येऊ दिलं नाही, माझं नाव राखलं, त्याचे आभार. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. ढोलकी वाजली. हे सांगताना ती पहिल्यांदा खाली बघायला लागली.

"मी देवाचे आभार कायचे मानले, सांगा बाबूजी? नानाजी बदनाम झाला अन मी वाचली, त्याचे! रोज म्हणत होती, पाणी तुझं, आमचा फक्त पाना. अन मनात पाणी बी माहंच होतं."

काल, म्हणजे रविवारी, पाळकसाहेब उपासनेत म्हणाले, की आपल्या जमनीबहिणीचा सत्कार होणार आहे, तिने साक्ष द्यावी. ती उठली. आभाराचे शब्द तयार होते, ते तोंडातून निघेनात. मग तिने पहिली साक्ष परत घेतली. सगळ्यांपुढे, याडीपुढे, जे घडलं ते जसंच्या तसं. या वेळी टाळ्या नाहीत, ढोलकी नाही. याडी म्हणे पदर तोंडावर घेऊन बसली. पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, की नानाजीला सांगितलंस का?

"नाही सांगितलं अजून," जमनी मला म्हणाली. "पहिलं कागद पाह्यजे. कागदानं त्याले काढलं, कागदानंच परत घ्या लागन. नुसती गेली त मी रडीन, अन तो म्हातारा माहेच डोळे पुसत बसन. नवा अहवाल लिहा."

मी तिला समजावलं. आता ते लिहायला लाज वाटते, पण समजावलं. म्हटलं, पाच दिवसांवर सत्कार, पत्रिका छापल्या, नेमणुकीची फाइल साहेबांच्या टेबलावर. कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग हळूच नानाजीला घेऊ कुठंतरी. खरी गोष्ट ही, की मला तिची काळजी कमी आणि माझ्या सहीची जास्त होती. चुकीचा अहवाल माझा होता. निवृत्तीला सात महिने उरले होते.

"चाळीस जणाइले मालूम झालं हाये," ती म्हणाली. "तुम्ही झाकसान त कसं झाकसान? लिहा. मी इथून हालत नाही."

आणि ती हालली नाही. अकरा वाजले, बारा वाजले. लोक आले, गेले. ती माझ्या टेबलासमोर उभी. खुर्ची दिली तर घेईना. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रड नव्हती, नुसता निश्चय होता. बंद पंपाचा गंजलेला बोल्ट निघत नाही तोवर पाना फिरवत राहायचं, तसं ती माझ्याकडे बघत राहिली. साडेबाराला मी कागद ओढला. आयुष्यात पहिल्यांदा मला भारी शब्द सुचले नाहीत. "मुख्य मेकॅनिकने 'धरला' ऐकण्याआधी 'सोडा' म्हटले. नानाजी टेकाम यांची चूक नाही. आधीचा अहवाल चुकीचा आहे. जाग्यावर न जाता लिहिला होता." शेवटचं वाक्य तिने सांगितलं नव्हतं, ते माझं मी घातलं. खाली दोघांच्या सह्या.

साहेब भडकले. माझ्यावर, तिच्यावर, पत्रिकेवर. पण कागद आवक रजिस्टरात नोंदवलेला, करतात काय! तिचं नाव सत्काराच्या यादीतून गेलं, नेमणुकीची फाइल बंद झाली, टोळीची मुख्य म्हणून तिला वर्षभर बाजूला केलं. मला मेमो मिळाला. आणि जमनी हात जोडून उभी राहून म्हणाली, "साहेब, नानाजीले परत घ्याचं लिहून द्या. बाकी तुम्ही म्हणसान ते." त्या चिकाटीपुढे साहेबांनीही सही केली.

पुढचं थोडक्यात सांगतो. वर्षभर तिने दुसऱ्यांच्या टोळीत दोर ओढला. लोक तोंडावर बोलले, "काय ताई, खुर्ची कुठं गेली?" तिने उलट उत्तर दिलं नाही. हे तिला जड गेलं, कारण मुळात ती उलट उत्तर देणारी बाई आहे. ते पडलेले पाइप काढायला ती तीन सुट्ट्या त्या गावात राबली, गळ टाकून. निघाले नाहीत. खरं बोललं म्हणून लोखंड वर येत नसतं. गावाला नवा बोअर व्हावा म्हणून ती इतके अर्ज घेऊन आली, की आमच्या ऑफिसात तिची चप्पल ओळखू यायला लागली. शेवटी पावसाळ्यानंतर तो झाला.

आज तिचं नाव पूर्वीपेक्षा मोठं आहे. शिकवण्याचं कामही तिच्याकडेच आलं, कारण तिच्याइतकं कुणाला येत नाही. नव्या बायका शिकायला आल्या, की ती पहिल्या दिवशी त्यांना त्या बुजलेल्या बोअरपाशी नेते आणि सांगते, "हा मी खराब केला. मोबाइलकडे पाह्यत होती." मी एकदा विचारलं, दर वेळी कशाला सांगतेस, लोक विसरले आता. म्हणाली, "लोक विसरले, म्हणूनच सांगा लागते. मी बी विसरीन ना! प्रभूनं मले एकदा खाली आणलं. दर वेळा त्यालेच कायले त्रास?" आणि हसली.

एवढं सगळं सांगून झालं, पण नानाजीकडे गेलो ते सांगायचं मी मघापासून टाळतोय. आता सांगतो.

नानाजीला परत घेण्याचा कागद हातात आला तो नेमका सत्काराच्या दिवशी. यवतमाळात मंडपात भाषणं चालू असतील, त्या वेळी जमनी आणि मी तिच्या मोटरसायकलवर पोडाकडे निघालो. ती चालवत होती, मी मागे. ऊन मी म्हणत होतं. नानाजी अंगणात खाटेवर बसला होता. समोर त्याची नात, सव्वा वर्षाची, धुळीत रांगत होती. मधेच उभी राहायची, दोन्ही हात त्याच्याकडे वर करायची, आणि पुन्हा बसायची. तो नुसता तोंडाने तिच्याशी बोलत होता. हात मांडीखाली.

जमनीने आढेवेढे घेतले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाली, "नानाजी, पाइप तुह्या हातून नाही सुटला. तू क्लॅम्प आवळून राह्यला होता. तू 'धरला' म्हणाच्या आधी मी 'सोडा' म्हटलं. मी तवाच सांगाले पाह्यजे होतं. नाही सांगितलं."

मीही काहीतरी बोललो. अहवाल माझा, चूक माझी, असं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याने मांडीखालून हात काढले. मुठी मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या.

"म्हंजे म्या सोडला नाही?"

"नाही."

"पकड होती माही?"

"होती. तुह्यासारखी पकड कोनाची नाही."

त्याने धुळीतल्या नातीकडे पाहिलं. मग म्हणाला, "अकरा महिने मी या पोरीले उचललं नाही. घरचे म्हणत, घे ना बुढ्या, रडून राह्यली. मी म्हणो, नाही. दहा पाइप सुटले या हातातून. लेकरू सुटलं त?"

जमनी रडायला लागली. मी दुसरीकडे बघायला लागलो, पण दुसरीकडे काही नव्हतं.

"तू रडू नको," नानाजी रागाने म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला मी ऐकला. "रडू नको अन बोलू बी नको. उभी राय तिथंच."

ती उभी राहिली. तो उठला, वाकला, नातीच्या काखेत हात घातले आणि तिला उचललं. आधी छातीशी घट्ट, मग जरा सैल, मग कडेवर. पोरीने त्याची टोपी ओढून खाली टाकली. तिला घेऊन तो अंगणात फिरत राहिला, कुंपणापर्यंत, परत खाटेपर्यंत, परत कुंपणापर्यंत. आम्ही दोघं उन्हात. किती वेळ ते मी मोजलं नाही.

मग आमच्याकडे पाठ असतानाच त्याने विचारलं, "उद्या काम कुठं हाये?"

जमनीने गावाचं नाव सांगितलं. "सातले निघतो."

"मी साडेसहाले येतो," नानाजी म्हणाला. "माहे पाने कसे ठेवले, ते पाह्यतो पहिलं."